चीन आणि मध्य आशिया: ही दोस्ती खरंच दोन हजार वर्षं जुनी आहे का?

कोराकागद:
मंडळी, मध्य आशियाबद्दल इथे फारसं कोणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम धागा काढतोय. जून २०२५ मध्ये अस्तानाला चीन आणि ते पाच 'स्तान' (कझाक, किर्गिझ, ताजिक, उझबेक, तुर्कमेन) यांची शिखर परिषद झाली आणि सहाही जणांनी मिळून कायमस्वरूपी शेजारधर्म आणि मैत्रीच्या करारावर सह्या केल्या. त्याआधी २०२३ च्या मे महिन्यात शीआनला पहिली परिषद झाली होती, तीही थाटामाटात. दर वेळी भाषण तेच, रेशीम मार्ग, उंटांचे तांडे, दोन हजार वर्षांची मैत्री वगैरे.
आता मला प्रश्न असा पडतो की हे सगळे देश १९९१ पर्यंत सोव्हिएत युनियनचे भाग होते, त्याआधी झारचं राज्य होतं, मग चीनशी यांचा संबंध नेमका कधी आणि कसला होता? रेशीम मार्गाचं प्रकरण खरं किती आणि आत्ताच्या गरजेपुरतं रंगवलेलं किती? आणि रशिया हे सगळं गप बसून कसं काय बघतोय? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा, लिंका नकोत, लिंका वाचून झाल्यात.

तिरकस:
कायमस्वरूपी मैत्री म्हणे. इथे भाड्याच्या घराचा करारसुद्धा अकरा महिन्यांचा असतो. पुढे चालू द्या, वाचतोय.

नकाशावेडा:
कोराकागद, चांगला विषय काढलात. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

दोन हजार वर्षं हा आकडा खोटा नाही पण त्यात मैत्री कमी आणि घोडे जास्त आहेत. हान सम्राट वू याने इसपू १३८ मध्ये चांग छियान नावाचा दूत पश्चिमेकडे पाठवला, तोही व्यापारासाठी नाही तर श्योंग्नू टोळ्यांविरुद्ध युएची लोकांना आपल्या बाजूला घ्यायला. वाटेतच श्योंग्नूंनी त्याला धरला, दहाएक वर्षं अडकवून ठेवला, तिथेच त्याचं लग्न झालं, मुलंबाळं झाली. शंभरेक माणसं घेऊन निघालेला हा गडी तेरा वर्षांनी परत आला तेव्हा त्या शंभरातला एकच सोबत उरला होता. आणि युएचींनी तर सरळ नाही सांगितलं होतं, त्यांना आता लढाईत रस नव्हता, सुपीक जमीन मिळाली होती (यांच्यातूनच पुढे कुषाण निघाले, म्हणजे आपला कनिष्क). पण चांग छियानने येताना बातमी आणली की फरगाना खोऱ्यात अफाट घोडे आहेत. झालं, सम्राटाला घोडे हवेसे झाले, फरगानावाल्यांनी दिले नाहीत, वर चिनी दूताला मारलं, म्हणून इसपू १०४ ला सैन्य गेलं. पहिली स्वारी फसली, दुसरी मोठी नेली, शेवटी तिथल्या सरदारांनी स्वतःच्याच राजाला मारून तह केला आणि घोडे दिले. आता या सगळ्याला भाषणात 'सांस्कृतिक देवाणघेवाण' म्हणतात :)

मग तांग घराण्याच्या काळात चीनचा हात खरंच लांब पोचला होता, पण ७५१ मध्ये तलास नदीजवळ अब्बासी फौजेने त्यांना हरवलं, ऐन लढाईत कार्लुक तुर्क फिरले. ही जागा आजच्या कझाक-किर्गिझ सीमेच्या आसपास येते. शाळेत सांगतात की या लढाईमुळे चीन मागे हटला, पण खरं कारण चार वर्षांनी चीनमध्येच आन लुशानचं बंड झालं आणि सैन्य घरी बोलवावं लागलं. त्यानंतर जवळजवळ हजार वर्षं बीजिंगमधल्या, म्हणजे चिनी म्हणता येईल अशा कुठल्याही राजवटीची या भागावर थेट सत्ता नव्हती. मंगोल मधे होऊन गेले पण ते मंगोल, त्यांनी चीनही घेतला आणि मध्य आशियाही, त्याला चीन-मध्य आशिया संबंध म्हणायचं तर म्हणा.

आत्ताच्या गोष्टीची खरी सुरुवात माझ्या मते १७५० च्या दशकात होते. चीनच्या छिंग घराण्यातला सम्राट छियानलोंग याने पश्चिम मंगोलांचं झुंगार राज्य पार संपवलं, म्हणजे माणसांसकट संपवलं, आणि १७५९ पर्यंत काशगरही घेतलं. हा प्रदेश पुढे १८८४ ला शिनजियांग नावाचा प्रांत झाला. म्हणजे चीन मध्य आशियाचा सख्खा शेजारी झाला तो तेव्हा, अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी. आणि गंमत म्हणजे तेव्हाही वरचढ नेहमी चीनच होता असं नाही. १८३५ च्या सुमारास कोकंदच्या (फरगाना खोऱ्यातलं राज्य) खानाने छिंग दरबाराकडून काशगरमध्ये आपले प्रतिनिधी ठेवायचा आणि परदेशी मालावर जकात घ्यायचा हक्क मिळवला होता! इंग्रजांनी चीनकडून हाँगकाँग घेतलं त्याच्याही आधी बरं का हे. नंतर याच कोकंदचा याकूब बेग काशगरला जाऊन १८७७ पर्यंत राज्यच करून बसला.

रशियाचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, बॉसचा फोन येतोय.

कोराकागद:
कनिष्काचा धागा इकडे जुळतो हे डोक्यातच आलं नव्हतं. येऊ द्या अजून.

नकाशावेडा:
हां, तर रशिया. १८६४ मध्ये दोघांनी ताचेंगला सीमेचा तह केला, त्यात बलखाश तळ्याच्या पूर्वेकडचा मोठा पट्टा रशियाकडे गेला. मग याकूब बेगच्या गोंधळात १८७१ ला रशियाने इलीचं खोरंही बळकावलं. ते परत मागायला छिंग दरबाराने छोंगहोउ नावाचा अधिकारी पाठवला, त्याने १८७९ ला लिवादियाला असा काही करार केला की खोऱ्यातला बराच भाग देऊन टाकला, घरी आल्यावर त्याला देहदंडाचीच शिक्षा सुनावली (नंतर माफ झाली). मग दुसरा माणूस गेला, १८८१ ला सेंट पीटर्सबर्गचा तह झाला, इलीचा बहुतेक भाग परत मिळाला आणि बदल्यात नव्वद लाख रूबल मोजावे लागले. चीनमध्ये हे सगळे तह आजही 'अन्यायी तह' म्हणून शिकवतात. म्हणजे कझाकस्तान, किर्गिझस्तानचा काही भाग आपला होता आणि रशियाने लुबाडला, अशी एक ठसठस तिकडे आहेच, आणि ती ठसठस तिकडे आहे हे इकडच्या पाचांनाही पक्कं ठाऊक आहे. मैत्रीच्या भाषणांमागे हे लक्षात ठेवलं पाहिजे.

पायवाट:
नकाशावेडा यांनी राजे आणि तह छान सांगितले पण सीमेवरून माणसं किती वेळा इकडून तिकडे गेली तेही लिहायला हवं, कारण तिथल्या लोकांच्या आठवणी त्याच आहेत.

१८७७-७८ च्या हिवाळ्यात छिंग सैन्यापासून पळालेले चिनी मुसलमान बर्फातून तिएनशान ओलांडून रशियाच्या हद्दीत आले. त्यांचे वंशज म्हणजे दुंगान, आजही किर्गिझस्तान आणि कझाकस्तानमध्ये गावंच्या गावं आहेत त्यांची, बोलतात चिनीच पण लिहितात रशियन लिपीत. मग १९१६ मध्ये उलटं झालं. झारने युद्धकामासाठी सक्तीची भरती काढली, किर्गिझ आणि कझाक लोकांनी बंड केलं, ते चिरडलं गेलं आणि किर्गिझ लोक त्याच डोंगरांतून चीनकडे पळाले, प्रचंड माणसं वाटेत मेली. किर्गिझ लोक याला उर्कुन म्हणतात. मग १९६२ ला पुन्हा उलट, माओच्या काळातल्या उपासमारीला आणि जाचाला कंटाळून इली आणि ताचेंग भागातून साठेक हजार कझाक, उइगुर वगैरे लोक सोव्हिएत कझाकस्तानात निघून गेले. त्यानंतर चीनने सीमा घट्ट बंद केली आणि १९६९ च्या ऑगस्टमध्ये झालानाशकोलला दोन्ही बाजूंचे सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. तीसेक वर्षं त्या सीमेवरून पाखरूसुद्धा इकडचं तिकडे गेलं नसेल अशी स्थिती. सोव्हिएत शाळांत चीन म्हणजे शत्रू, हेच शिकून आत्ताची साठी-सत्तरीतली पिढी मोठी झाली, मग त्यांना दोन हजार वर्षांची मैत्री कुठून आठवणार.

हिशोबी:
आता माझा मुद्दा. इतिहास वाचायला मजा येते पण चीनने या भागात जे कमावलंय ते १९९२ नंतर, आणि त्यात सगळ्यात मोठी गोष्ट तेल-गॅस नाही, सीमा आहे. यावर कोणीच बोलत नाही.

सोव्हिएत युनियन फुटल्यावर १९९२ च्या जानेवारीत, २ ते ६ तारखेच्या आत, चीनने पाचही देशांशी राजनैतिक संबंध जोडून टाकले, रोज एक. मग एकेक सीमेची फाइल काढली. कझाकस्तानशी १९९४ आणि १९९८ चे करार झाले, शेवटच्या वादातली सुमारे ९४४ चौरस किलोमीटर जमीन वाटून घेतली आणि त्यातही कझाकस्तानकडे थोडी जास्त गेली. ताजिकिस्तानवर चीनचा दावा होता जवळपास २८ हजार चौरस किलोमीटरचा आणि शेवटी २०११ ला तिथल्या संसदेने मंजुरी दिली तेव्हा हातात पडले हजार-अकराशे. विचार करा, इतका मोठा दावा सोडून दिला! नकाशावेडा म्हणतात ती ठसठस असेल, नाही म्हणत नाही मी, पण व्यवहारात चीनने ती गिळली. का गिळली, कारण त्यांना शिनजियांगच्या मागची बाजू शांत हवी होती, उइगुर संघटनांना पलीकडे थारा नको होता, आणि तेवढं मिळवायला डोंगरातल्या ओसाड जमिनीवर पाणी सोडणं परवडत होतं. याच सीमा-वाटाघाटींतून १९९६ ला 'शांघाय पाच' हा गट झाला (चीन, रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान), २००१ ला उझबेकिस्तान आला आणि शांघाय सहकार्य संघटना झाली, ज्यात २०१७ पासून आपण आणि पाकिस्तानही आहोत. लोक त्याला नाटोला उत्तर वगैरे म्हणतात पण मुळात ती सीमेवरचे सैनिक किती मागे न्यायचे याची बैठक होती.

पायवाट:
हिशोबी, सीमेचं बरोबर आहे पण ते इतकं गोडीगुलाबीने झालं नाही हो. किर्गिझस्तानने साधारण साडेबाराशे चौरस किलोमीटर जमीन चीनला दिली, त्याला संसदेत विरोध करणारा खासदार अझिमबेक बेकनाझारोव याला जानेवारी २००२ ला आत टाकलं, मार्चमध्ये अक्सी जिल्ह्यात लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली, शेवटी सरकारला राजीनामा द्यावा लागला. राष्ट्राध्यक्ष अकायेव तेव्हा वाचले पण २००५ ला गेलेच. तेव्हा फाइल बीजिंगसाठी बंद झाली असेल, किर्गिझ राजधानी बिश्केकमध्ये नाही झाली.

हिशोबी:
मान्य, पण ते त्यांच्या राज्यकर्त्यांनी लोकांपासून लपवून केलं म्हणून पेटलं. चीन सरकारशी बोलतो, लोकांशी बोलत नाही, ही त्यांची जुनी पद्धत आहे आणि तीच त्यांना नंतर नडतेही.

तिरकस:
आणि कर्जाचं काय? तिकडे सगळे कर्जाच्या सापळ्यात अडकलेत असं रोज वाचतो. पुढच्या दहा वर्षांत हे पाचही चीनचे तालुके होणार, लिहून ठेवा.

हिशोबी:
तिरकसराव, पाचही एका पंगतीत बसवू नका. कझाकस्तानकडे तेल आहे, जगातलं साधारण चाळीस टक्के युरेनियम तिथून निघतं, त्यांना कोणी सापळ्यात वगैरे घेऊ शकत नाही. किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान यांचं मात्र खरं आहे. किर्गिझस्तानला सगळ्यात मोठा एकटा सावकार म्हणजे चीनची एक्झिम बँक, २०२१ च्या सुमारास हे कर्ज पावणेदोन अब्ज डॉलरच्या घरात होतं. त्यातले ३८ कोटी ६० लाख डॉलर बिश्केकच्या जुन्या वीज-उष्णता केंद्राच्या दुरुस्तीला गेले आणि काम झाल्यावर काही महिन्यांतच, जानेवारी २०१८ मध्ये, ऐन कडाक्याच्या थंडीत ते केंद्र बंद पडलं, शहर गारठलं. नंतर चौकशीत माजी पंतप्रधानांवर खटले चालले. म्हणजे पैसा चीनचा, पण तो मुरला कुठे याची उत्तरं बिश्केकमध्येच शोधावी लागली. ताजिकिस्तानने तर दुशान्बेतलं वीज केंद्र बांधून घेतलं आणि बदल्यात सोन्याच्या खाणीचा परवाना दिला, रोख नव्हती म्हणून खाण. याला सापळा म्हणा किंवा अडलेल्याचा सौदा, मी दुसरं म्हणेन. त्यांना इतकं कर्ज दुसरं देत कोण होतं?

तुर्कमेनिस्तानचं प्रकरण तर अजून वेगळं. त्यांचा गॅस जायचा जवळजवळ सगळा रशियामार्गे, भाव रशिया ठरवणार. एप्रिल २००९ मध्ये त्या पाइपलाइनमध्ये स्फोट झाला, भांडण झालं, खरेदी थांबली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उझबेकिस्तान, कझाकस्तानमार्गे चीनला जाणारी पाइपलाइन सुरू झाली, उद्घाटनाला चीनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताव स्वतः गेले होते. आता तीन समांतर लाइनी आहेत, वर्षाला ५५ अब्ज घनमीटर क्षमता. तुर्कमेनिस्तान रशियाच्या एकाच गिऱ्हाइकातून सुटला आणि चीनच्या एकाच गिऱ्हाइकात सापडला, आगीतून फुफाट्यात म्हणा हवं तर. चौथी लाइन ताजिकिस्तान-किर्गिझस्तानमधून न्यायचं ठरलंय ते वर्षानुवर्षं रखडलंय. आणि त्यांनी 'तापी' (TAPI) पाइपलाइनवर, जी अफगाणिस्तान-पाकिस्तानमधून आपल्याकडे यायची आहे, इतकी आशा का लावलीय ते यातून कळतं.

नकाशावेडा:
तालुके होणार नाहीत, तिरकस. हे पाचही जण दोन दांडग्यांच्या मधे राहायला चांगलं शिकलेत. कझाकस्तानचं बघा, पहिल्या अणुवीज केंद्राचं काम जून २०२५ ला रशियाच्या रोसातोमला दिलं आणि त्याच दिवशी जाहीर केलं की दुसरं केंद्र चीनकडे. अस्तानाची परिषद दोन-तीन दिवसांवर आली असताना! कोणालाच नाराज करायचं नाही. त्यांचे राष्ट्राध्यक्ष तोकायेव स्वतः चिनी बोलतात, सोव्हिएत काळात बीजिंगच्या दूतावासात काही वर्षं होते, त्यांना तिकडची नस माहीत आहे. शी जिनपिंग यांनी 'पट्टा आणि मार्ग' (चीनची रस्ते-रेल्वे-बंदरं जोडायची योजना) यामधल्या पट्ट्याची घोषणा ७ सप्टेंबर २०१३ ला केली तीही अस्तानाच्या विद्यापीठातच.

कोराकागद:
भारी माहिती येतेय. पण माझा रशियाचा प्रश्न राहिला. आणि सामान्य लोकांना चीन आवडतो का हो? पायवाट यांनी थोडं सूचित केलंय.

पायवाट:
थोडक्यात सांगायचं तर सरकारांना हवाय, लोकांना धास्ती आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये कझाकस्तानात शेतजमीन परदेशी लोकांना २५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायच्या कायद्यावरून लोक भडकले, त्यात कुठे चीनचं नाव नव्हतं तरी आत्यरावपासून एकामागून एक शहरं रस्त्यावर उतरली, लोकांनी गृहीतच धरलं की जमीन चिन्यांना जाणार. आंदोलनाला तिथे परवानगी मिळत नाही, तरी लोक आले. सरकारने कायदा थांबवला आणि २०२१ ला परदेशी लोकांना शेतजमीन विकायला आणि भाड्याने द्यायला कायमची बंदी घातली. २०१९ ला झानाओझेनमध्ये चिनी कारखान्यांविरुद्ध निदर्शनं झाली, २०२० ला किर्गिझस्तानच्या अत-बाशीमध्ये गावकऱ्यांनी साडेसत्तावीस कोटी डॉलरचा गोदाम-प्रकल्पच गुंडाळायला लावला.

आणि शिनजियांग आहेच. तिकडे लोकांना डांबून ठेवलेल्या छावण्यांमध्ये फक्त उइगुर नव्हते, कझाक आणि किर्गिझही होते, आणि त्यांचे सख्खे नातेवाईक सीमेच्या अलीकडे राहतात. अल्माटीमध्ये चीनच्या वकिलातीबाहेर बायाबापड्या आपल्या माणसांचे फोटो घेऊन कितीतरी महिने उभ्या राहिल्या. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत शिनजियांगवर नुसती चर्चा घ्यायची का यावर मतदान झालं, १७ विरुद्ध १९ ने पडलं, आणि विरोधात मत देणाऱ्यांमध्ये कझाकस्तान आणि उझबेकिस्तान दोन्ही होते. (आपण तटस्थ राहिलो.) मला सगळ्यात जास्त हे बोचतं, बाकी गॅस-रेल्वे ठीक आहे.

हां, तरुण पोरांमध्ये चित्र बदलतंय हेही खरं. शिष्यवृत्त्या मिळतात, चिनी शिकली की नोकरी लागते, २०२३ च्या नोव्हेंबरपासून कझाक-चीन व्हिसाची कटकट गेली, आजीला धास्ती आणि नातू शीआनला इंजिनियरिंगला असं घरोघरी चालू असणार.

नकाशावेडा:
रशियाचं सांगतो. बरीच वर्षं एक न लिहिलेली वाटणी होती, बंदोबस्त रशियाचा आणि पैसा चीनचा. जानेवारी २०२२ ला कझाकस्तानात दंगे पेटले तेव्हा तोकायेव यांनी सैन्य मागवलं ते रशियाच्या गटाकडूनच, चीनने फक्त पाठिंब्याचं निवेदन काढलं. पण पुढच्याच महिन्यात युक्रेन झालं आणि गणित बदललं. उत्तर कझाकस्तानात रशियन वस्ती भरपूर आहे त्यामुळे तिथे पोटात गोळा आला असणार, आणि नेमकं सप्टेंबर २०२२ ला शी जिनपिंग साथीनंतरच्या पहिल्याच परदेश दौऱ्यावर कझाकस्तानात उतरले आणि म्हणाले की तुमच्या स्वातंत्र्याला, सार्वभौमत्वाला आमचा ठाम पाठिंबा. नाव कोणाचं घेतलं नाही, पण ऐकणाऱ्यांना कळायचं ते कळलं. २०२३ मध्ये कझाकस्तानच्या व्यापारात चीन रशियाच्या पुढे गेला. रशिया बोलत नाही कारण युद्धात त्यालाही चीन लागतो, एवढं साधं आहे ते.

उत्तम उदाहरण म्हणजे चीन-किर्गिझस्तान-उझबेकिस्तान रेल्वे. १९९० च्या दशकापासून नुसती चर्चा, काशगर ते अंदिजान, रशियाला टाळून जाणारा रस्ता म्हणून तो कायम मागे पडायचा. जून २०२४ ला करार झाला, डिसेंबरमध्ये किर्गिझस्तानच्या जलालाबाद भागात कामाचं उद्घाटन. कंपनीत चीन ५१ टक्के, बाकी दोघे साडेचोवीस-साडेचोवीस.

तिरकस:
म्हणजे पुढच्या काही वर्षांत काशगरहून थेट ताश्कंदला गाडी. आणि आपण चाबहारच्या बंदरावर बसून राहायचं.

हिशोबी:
थेट नाही हो. चीनचे रूळ १४३५ मिलिमीटरचे आणि सोव्हिएत रूळ १५२० चे. किर्गिझस्तानात मकमलला सगळा माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागणार. कझाक सीमेवर खोरगोसला तेच चालतं, तिथल्या क्रेन दिवसरात्र कंटेनर उचलत असतात. आणि चाबहारचं म्हणाल तर मे २०२४ ला दहा वर्षांचा करार झालाय पण आपली अडचण पैशाची कमी आणि रस्त्याची जास्त, मधे पाकिस्तान आहे आणि इराणवर निर्बंध. मोदी २०१५ ला पाचही देशांत एकाच दौऱ्यात जाऊन आले, असं आधी कुठल्या भारतीय पंतप्रधानांनी केलं नव्हतं, पण सीमा लागून असणं आणि विमानाने जाऊन येणं यात फरक पडतोच. चीनची या पाचांपैकी तिघांशी मिळून तीन हजार किलोमीटरच्या वर सीमा आहे.

कोराकागद:
मकमल नकाशावर शोधतोय, सापडत नाहीये. नकाशावेडा, नारिन शहराच्या कोणत्या बाजूला येतं हे?

नकाशावेडा:
पश्चिमेकडे, जलालाबाद प्रांतातच येतं. जुनी सोन्याची खाण आहे तिथे, त्या नावाने शोधा, मिळेल.